'चूक' आणि 'फरक' : एडीसीच्या वाचनांसंबंधी मराठीत बोलताना

देहूरोड, निगडी, तळवडे व चाकण ह्या पट्ट्यातील लहान कारखान्यांत आणि तेथील शिकाऊ मुलांच्या खोल्यांत गेली काही वर्षे एक मराठी टिपण छायाप्रतींच्या रूपाने फिरत आहे. त्यावर कर्त्याचे नाव नाही, प्रकाशकाचे नाही आणि वर्षही नाही. मायक्रोकंट्रोलर वापरून तापमान, हवेचा दाब, बॅटरीचे व्होल्टेज इत्यादी राशी कशा मोजाव्यात हे त्यात सांगितले असून, 'एडीसीचे वाचन अचूक न आल्यास' अशा मथळ्याचा दीड पानांचा एक भाग त्यात आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढा दीड पानांचा भाग होय.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने अशा कागदावर टीका का लिहावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, त्या दीड पानांत विद्युत्‌शास्त्राच्या चुका जवळजवळ नाहीत. ज्या अडचणी आहेत त्या शब्दांच्या आहेत. आणि त्या शब्दांपायी देहूरोडच्या एका शिकाऊ मुलाच्या विद्यावेतनातून तीन सेन्सरांची किंमत कापली गेलेली मी पाहिली आहे.

ज्यांचा ह्या उपकरणाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. एडीसी म्हणजे सलग बदलणाऱ्या व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारा मायक्रोकंट्रोलरमधील भाग. शिकाऊ मुलांच्या हाती बहुधा जो अर्दुइनो उनो नावाचा फलक असतो, त्यावरील एटीमेगा ३२८पी ह्या चिपमधील एडीसी दहा बिटांचा आहे. म्हणजे त्याचे उत्तर ० पासून १०२३ पर्यंतचा कोणता तरी पूर्णांक असते. बाहेरून आलेले व्होल्टेज तो एका संदर्भ-व्होल्टेजशी ताडून पाहतो आणि त्या संदर्भाचे १०२४ भाग कल्पिले असता आलेले व्होल्टेज कितव्या भागात पडते ते सांगतो. संदर्भ ५ व्होल्टचा असेल तर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. एलएम ३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. तेव्हा एक पायरी म्हणजे जवळजवळ अर्धा अंश.

आता त्या मुलाची हकीकत. रंग वाळवण्याच्या एका लहान भट्टीसाठी त्याने तापमान दाखविणारा फलक तयार केला होता. पाऱ्याचा तापमापक ३० दाखवी तेव्हा हा फलक ३१ दाखवी, आणि पारा ६० वर गेला की हा ६३ वर जाई. टिपणात सांगितल्याप्रमाणे त्याने सेन्सर बदलला, आकडे तेच. पुन्हा बदलला, तिसऱ्यांदाही बदलला. मग टिपणातील दुसरा उपाय, म्हणजे शंभर वाचनांची सरासरी. आकडे तेच, फक्त आता ते अधिक ठामपणे येऊ लागले. शेवटी वरिष्ठांचा निर्वाळा पडला की तुझेच काहीतरी चुकले आहे.

चुकले काहीच नव्हते, निदान त्या अर्थाने नव्हते. फलकाला वीज मोबाइलच्या चार्जरमधून लांब व बारीक तारेने मिळत होती आणि फलकाशी पोहोचेपर्यंत ५ व्होल्टचे ४.७५ व्होल्ट उरत होते. ही चिप उनोवर सामान्यतः आपल्याच पुरवठ्याला संदर्भ मानते. मुलाने आज्ञावलीत संदर्भ ५ लिहिला होता, प्रत्यक्षात तो ४.७५ होता. लहान मापाने मोजले म्हणजे मोजणी वाढते, त्या न्यायाने ०.६ व्होल्टचे १२३ भाग व्हावयाचे ते १२९ झाले, आणि १२९ ला ५ च्या मापाने गुणल्यावर ६३ अंश आले. एक मल्टिमीटर घेऊन पुरवठा मोजला असता तर दोन मिनिटांत उलगडा होता.

तो का मोजला गेला नाही? माझ्या मते टिपणातील 'अचूक' ह्या एका विशेषणाने तो मोजू दिला नाही.

'अचूक' हा शब्द मराठीत निषेधातून आलेला आहे : ज्यात चूक नाही ते अचूक. 'चूक' ही आपल्या भाषेत नुसती राशी नाही, ती कोणाची तरी असते. वहीत चूक होते, वागण्यात चूक होते, आणि तिच्यामागोमाग 'कोणाची?' हा प्रश्न येतो. हिशेबाच्या कागदाखाली आपण 'चू. भू. दे. घे.' लिहितो तेथेही चूक ही देण्याघेण्याची, म्हणजे दोन माणसांमधली गोष्ट आहे. मोजमापाच्या शास्त्रात ज्या राशीविषयी बोलावयाचे ती अशी नाही. सर्वांनी सर्व काही यथास्थित केले तरी ती असतेच. उपकरणाबरोबर येणाऱ्या तपशीलपत्रकात उत्पादक स्वतःच तिची मर्यादा छापतो. तिला 'चूक' म्हटले की कारागीर कारण शोधण्याऐवजी अपराधी शोधू लागतो, आणि शिकाऊ मुलगा हा हाताशी असलेला सर्वांत सोयीचा अपराधी होय.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. टिपणात 'अचूक' हा शब्द दोन भिन्न गुणांसाठी येतो. एके ठिकाणी वाचन खऱ्या तापमानाशी जुळावे असा अर्थ आहे. चार ओळींनंतर लागोपाठची वाचने आपसांत जुळावीत असा आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी हा भेद ओळखून पहिल्यास 'अचूकता' व दुसऱ्यास 'परिशुद्धता' असे शब्द योजिलेले पाठ्यपुस्तकांतून आढळतात. भेद योग्य, पण 'परिशुद्धता' कारखान्यात पोहोचली नाही आणि पोहोचण्याजोगीही नाही. ती ऐकून कोणास तुपाची आठवण व्हावी. परिणामी एकच शब्द दोन्ही कामे करतो व उपायांची अदलाबदल होते. सरासरीचा उपाय दुसऱ्या गुणावर चालतो : शंभर वाचनांची सरासरी घेतली तर अनियमित थरथर दहापट कमी होते. वाचने विजेच्या ५० आवर्तनांच्या एका पूर्ण फेऱ्यावर, म्हणजे २० मिलिसेकंदांवर, सारखी पसरून घेतली तर विजेच्या तारांतून येणारी गुणगुण बहुतांशी कटते. परंतु संदर्भच खोटा असेल तर सरासरी त्या खोटेपणाला हात लावीत नाही, उलट त्याची थरथर काढून त्याला भारदस्त करते. त्या मुलाच्या फलकावर हेच घडले.

तिसरा आक्षेप 'मूल्य' ह्या शब्दावर. टिपणात एडीसीच्या उत्तरास सर्वत्र 'मूल्य' म्हटले आहे. आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोस्यूरच्या १९१६ च्या ग्रंथापासून ठाऊक आहे की भाषेतील मूल्य हे स्वयंभू नसते, इतरांशी असलेल्या नात्याने ठरते. व्यवहारातील मराठीत मात्र मूल्य वस्तूच्या अंगी असते असाच समज ध्वनित होतो. एडीसी जे देतो तो भागाकार आहे. १२९ म्हणजे काही व्होल्ट नव्हेत, अंश तर नव्हेतच. कशाच्या १०२४ भागांपैकी १२९, हे सांगितल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. आपल्या आजीआजोबांना हे समजावून सांगावे लागले नसते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली त्यापूर्वी 'एक शेर' म्हटले की दुसरा मनुष्य 'कच्चा की पक्का?' असे विचारीत असे. एडीसीचा संदर्भ हा शेरच होय. चार्जरवर अवलंबलेला संदर्भ कच्चा. त्याच चिपमध्ये १.१ व्होल्टचा एक अंतर्गत संदर्भ आहे. तो पुरवठ्याबरोबर फारसा हलत नाही. परंतु प्रत्येक चिपमध्ये तो १.० ते १.२ च्या दरम्यान कोठेही असू शकतो असे उत्पादक सांगतो. म्हणजे तो स्थिर आहे, पण त्याचे वजन आपण स्वतः एकदा करून आज्ञावलीत लिहिले पाहिजे. तसे केल्यास पायरी सुमारे १.१ मिलिव्होल्टची होते आणि एलएम ३५ चा दशांश अंशही दिसू लागतो, मात्र ११० अंशांच्या आसपास मोजणी संपते. टिपणात ह्या संदर्भाचा उल्लेख आहे, पण 'अधिक अचूक मूल्यासाठी' एवढ्याच कारणाने. वाचणाऱ्याला काय कळावे?

आता जो भाग मला खरोखर महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. देहूरोड हे छावणीचे गाव. महामार्ग व लोहमार्ग दोन्ही त्यातून जातात, आणि त्याच्या आजूबाजूच्या कारखान्यांत मावळातला, मराठवाड्यातला व वऱ्हाडातला कामगार एका बाकावर बसतो. ही माणसे टिपणातील मराठी बोलत नाहीत. वाचनात बिघाड झाला म्हणजे ती काय बोलतात हे मी काही महिने जाता-येता टिपून ठेवले. 'अचूक' हा शब्द मला त्यांच्या तोंडी एकदाही आढळला नाही. 'चूक' आढळला, पण तो माणसांविषयी. यंत्राविषयी बोलताना त्यांचा शब्द 'फरक' हा आहे : 'दोन डिग्रीचा फरक येतोय.' हा शब्द फारसी-अरबीतून आलेला, पण आता पूर्ण घरचा झालेला; आणि ह्या कामास तो 'चूक' व 'त्रुटी' ह्या दोहोंपेक्षा सरस आहे असे माझे मत आहे. फरकाला दोन टोके लागतात. 'फरक येतोय' म्हणताच 'कशात नि कशात?' असे विचारावे लागते, आणि दुरुस्तीचे पहिले पाऊल नेमके तेच आहे.

त्याहून मोलाची त्यांची क्रियापदे. वाचन 'हलतंय' म्हणजे खऱ्या किमतीभोवती थरथरतेय. येथे गोंगाट शोधावा, तारा आखूड कराव्यात, सरासरी घ्यावी. 'उड्या मारतंय' म्हणजे मधूनच भलताच आकडा येतो. येथे बहुधा शेजारची मोटर किंवा रिले चालू-बंद होत असते, अथवा जोड ढिला असतो, आणि सरासरीने तो भलता आकडा सर्वांत मिसळला जातो, म्हणून ती घेऊ नये. मधला आकडा निवडावा. 'जास्त दाखवतंय' ह्यात वेळेचा संबंध नाही, आणि येथे पुढचा प्रश्न असा की, सगळीकडे सारखेच जास्त की वर गेल्यावर अधिक जास्त? पहिले असेल तर शून्य सरकलेले आहे, दुसरे असेल तर संदर्भ. त्या मुलाच्या ३१ व ६३ ह्या दोन आकड्यांतच उत्तर होते. फरक एकाचा तीन झाला होता. जाता जाता सांगावयास हवे की, अशी दोन टोके तपासण्यासाठी बर्फ व उकळते पाणी वापरण्याची शिफारस टिपणात आहे व ती चांगली आहे. परंतु उकळते पाणी म्हणजे १०० अंश हे समुद्रकिनाऱ्यावर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच; येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. १०० धरून यंत्र 'सुधारणारा' मनुष्य दोन अंशांचा नवा फरक हाताने घालील.

ह्या क्रियापदांतील एका जोडीने मात्र खरा घोळ घातला, आणि तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमरावतीकडचा एक कामगार आपल्या वरिष्ठास म्हणाला, 'रीडिंग चढून राहिलं.' वऱ्हाडी-नागपुरी बोलीत '-ऊन राहिणे' हे अपूर्ण काळाचे रूप आहे. त्याच्या मते वाचन त्या क्षणी चढत होते. वरिष्ठ मावळातले. त्यांच्या कानाला 'चढून राहिलं' म्हणजे चढले आणि तेथेच राहिले. त्यांनी वाचन दोन अंशांनी कायमचे सरकले आहे असे समजून आज्ञावलीतून दोन वजा करविले. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र दोन अंश कमी दाखवू लागले. मूळ कारण असे की, सेन्सर व्होल्टेज नियंत्रकाच्या शेजारी बसविला होता. नियंत्रक अर्ध्या तासात तापे आणि सेन्सर भट्टीऐवजी त्याचे तापमान सांगू लागे. 'चढतंय' आणि 'चढलंय' ह्यांतील भेद व्याकरणाच्या पुस्तकात आख्यातरूपांच्या कोष्टकात जातो, कारखान्यात तो सेन्सर कोठे बसवावा हे ठरवितो. ज्या टिपणाचा वाचक तीन-चार बोलींचा आहे त्यात वेळेचा उल्लेख क्रियापदाच्या रूपावर न सोपविता उघड करावा, 'सुरू केल्यापासून दहा मिनिटांनी किती, तीस मिनिटांनी किती' असे विचारावे, ही सूचना मी करीन.

बोलीचे गुणगान येथेच थांबविले पाहिजे, कारण एका प्रकारच्या बिघाडासाठी मला त्यांच्या तोंडीही स्थिर शब्द आढळला नाही. एटीमेगा ३२८पी मध्ये एडीसी एकच असून बाहेरच्या अनेक खुंट्या आळीपाळीने त्याला जोडल्या जातात. प्रत्येक खेपेस आलेले व्होल्टेज १४ पिकोफॅरडच्या एका सूक्ष्म धारित्रात भरून घेतले जाते. भरण्यास मिळणारा वेळ एडीसीच्या घड्याळाचे दीड ठोके; उनोवरील १२५ किलोहर्ट्‌झ ह्या नेहमीच्या गतीस तो १२ मायक्रोसेकंद होतो. समजा, बॅटरीचे व्होल्टेज निम्मे करण्यासाठी दहा-दहा लाख ओहमचे दोन रोध लावले. त्यांचा परिणामी रोध पाच लाख ओहम, आणि त्याला १४ पिकोफॅरडने गुणले की सात मायक्रोसेकंद. बारा मायक्रोसेकंदांत धारित्र पूर्ण भरत नाही. चिपमधला रोध सोडून दिला तरी आधीच्या व नव्या व्होल्टेजमधील अंतराचा सुमारे १८ टक्के भाग शिल्लक राहतो. परिणाम असा की, ह्या खुंटीचे वाचन आधी वाचलेल्या खुंटीकडे ओढले जाते. दोन्ही सेन्सर निर्दोष, संदर्भ खरा, हात स्थिर, आणि तरी फरक. टिपण ह्याविषयी 'कधीकधी वाचने एकमेकांत मिसळतात' असे एक वाक्य लिहून पुढे जाते. खुंटीला येणाऱ्या व्होल्टेजचा रोध १० हजार ओहम किंवा त्याहून कमी असावा असे उत्पादक स्पष्ट सांगतो. तेवढा आकडा दिला असता तरी पुष्कळ होते. उपायही सोपा. खुंटीजवळ १०० नॅनोफॅरडचा धारित्र ठेवावा : तो १४ पिकोफॅरडच्या सुमारे ७,००० पट आहे, तेव्हा त्याने आपल्यातून तो सूक्ष्म धारित्र भरून दिला तरी स्वतः एका पायरीइतकाही उतरत नाही. मात्र मोठ्या रोधातून त्याला पुन्हा भरून येण्यास वेळ लागतो, म्हणून वाचने घाईने घेऊ नयेत. किंवा खुंटी बदलल्यावर पहिले वाचन टाकून द्यावे.

'भू' ह्या शब्दाविषयी दोनच वाक्ये. टिपणात फलकाच्या ऋण टोकास 'भूसंपर्क' म्हटल्याने वाचणाऱ्याला वाटते की तेथे सर्वत्र शून्य असणार, कारण जमीन ती जमीन. वस्तुतः ती एक तार असते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तीन मीटर तारेचा रोध सुमारे ०.१ ओहम भरतो, तिच्यातूनच मोटरचा एक अँपिअर परतत असेल तर ०.१ व्होल्टचा, म्हणजे एलएम ३५ च्या भाषेत दहा अंशांचा फरक तीत उभा राहतो. कामगार तिला 'ग्राउंड' म्हणतात व भिंतीतल्या तारेला 'अर्थिंग'. परक्या शब्दांनी राखलेला हा भेद आपल्या संस्कृतोद्भव शब्दाने पुसला, हे परिभाषाकारांनी मनावर घ्यावे.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, कारखान्यातील बोली हीच परिभाषा मानावी असे माझे म्हणणे आहे. तसे ते नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने व नंतर विश्वकोशाच्या परिभाषासंग्रहाने जे काम केले त्यावाचून आज मराठीत विज्ञानाचा परिच्छेदही लिहिता आला नसता. ह्याच लेखातील 'रोध', 'धारित्र' हे शब्द त्या परंपरेचे आहेत आणि ते चांगले आहेत. तक्रार एवढीच की, त्या परंपरेने नामांकडे लक्ष दिले, क्रियापदांकडे दिले नाही. बिघाड ही वस्तू नाही, घडणारी गोष्ट आहे. तिची लक्षणे क्रियापदांत सांगितली जातात, आणि ती क्रियापदे गोळा करण्यास कोशाचे कपाट उघडून भागत नाही. नवीन चिपा येतील तशी ही गरज वाढेल. ईएसपी ३२ चा एडीसी बारा बिटांचा आहे म्हणून तो 'जास्त अचूक' असे मुले समजतात. प्रत्यक्षात मध्यावर तो बरा असतो व दोन्ही टोकांशी त्याची रेषा वाकते. पायऱ्या बारीक असणे निराळे आणि पायऱ्या सारख्या असणे निराळे. हे सांगण्यासाठीही 'अचूक' कामाचा नाही.

टिपण पुन्हा छापले जाणार असेल तर मथळा 'वाचनात फरक येत असल्यास' असा करावा, आणि सेन्सर बदलण्याच्या सूचनेपूर्वी हे वाक्य घालावे : 'प्रथम संदर्भाचे व्होल्टेज मीटरने मोजा, मग दोन निरनिराळ्या तापमानांना फरक किती येतो ते लिहा, आणि सुरू केल्यापासून किती मिनिटांनी लिहिले तेही लिहा.' त्या मुलाने आपल्या प्रतीत असेच काहीसे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. कापलेले पैसे परत मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.

एका खुंटीचे वाचन दुसरीत उतरण्याच्या बिघाडाला मला आतापर्यंत तीन प्रयोग मिळाले : 'मागचं उरतंय', 'शेजारचं बोलतंय' आणि 'उष्टं रीडिंग'. तिसरा मला सर्वांत नेमका वाटतो, पण तो एकाच बाकावर एकदाच ऐकला. विभागातील जे विद्यार्थी चाकण, भोसरी किंवा तळेगावच्या बाजूने येतात त्यांनी अशी रूपे ऐकल्यास, बोलणाऱ्याचा तालुका व बिघाडाचे नेमके वर्णन ह्यांसह टिपून माझ्याकडे द्यावीत.